किता आलेफचा पहिला दिवस



१ सप्टेंबर जवळ आला की इस्राएलमध्ये घराघरांत एकच विषय असतो, शाळा. यंदा आमचा पणतू किता आलेफमध्ये, म्हणजे पहिलीत जाणार. पोरगा खुशीत आहे, झोप उडालीय ती त्याच्या आईची, म्हणजे माझ्या नातीची. परवा तिने विचारलं, "सावता, बाबांच्या पहिल्या दिवशी तू काय केलं होतंस?" खरं सांगायचं तर मी तीन चुका केल्या होत्या. त्याच इथे सांगते.

आम्ही १९७१ च्या जुलैत मुंबईहून दिमोनाला आलो. मुलगा सहा वर्षांचा. १९४९ च्या कायद्याने तेव्हा इथे पाच वर्षांपासून शिक्षण सक्तीचं होतं, त्यामुळे सप्टेंबरात शाळेत धाडणं भागच होतं. हिब्रू ना त्याला येत होती, ना मला. मेझुझाला हात लावून आम्ही निघालो. दारात बाई उभ्या होत्या. बाईंना इथे 'मोरा' म्हणतात हे कळलं, तेव्हा मला भाऊच्या धक्क्यावरून लाँच जाते ते मोरा बंदरच आठवलं!

पहिली चूक. तो बाकावर बसला तशी मी गुपचूप सटकले. वळून पाहतो तर आई नाही, मग दुपारपर्यंत रडला. मुलाला न सांगता कधी जाऊ नये. तोंडावर सांगावं, मुका घ्यावा आणि निघावं. 'बारा वाजता येईन' हे लहान मुलाला कळत नाही. 'तुझा डबा खाऊन झाला, गाणी झाली, की मी फाटकाशी उभी असेन' हे कळतं. आणि मग खरोखर उभं राहावं. निरोप लांबवला तर रडणंही लांबतं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "आई, मी उठून दाराकडे गेलो की बाई 'शेव, शेव' म्हणतात, पण शेव काही देत नाहीत!" हिब्रूत 'शेव' म्हणजे बस, हे आम्हाला शेजारणीने सांगितलं. आमचे हे पोट धरून हसले. मीही हसले, आणि मग मोरीत जाऊन रडले.

दुसरी चूक डब्याची. चपाती-भाजी तशीच परत आली. दहाच्या सुट्टीत सगळ्यांकडे ब्रेड, याची चपाती बघून पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून मी मुकाट्याने ब्रेड दिला. ब्रेड द्यायला हरकत नव्हती, पण 'आपली चपाती चांगली आहे रे' एवढं तरी म्हणायला हवं होतं.

तिसरी चूक मोठी. शाळेतून निरोप आला, घरीही हिब्रूच बोला. आम्ही ऐकलं. पण माझी हिब्रू ती केवढी! ये, जेव, झोप, संपलं. त्या भाषेत मला मुलाला गोष्ट सांगता येईना, की त्याचं दुःख विचारता येईना. हिब्रू तो शाळेत आणि गल्लीत आपसूक शिकलाच असता. घरात दुसरी भाषा असली म्हणून मूल मागे पडत नाही, हे आता जाणकार सांगतात. आज माझा मुलगा मराठी समजतो, उत्तर मात्र हिब्रूत देतो. अलिबागहून आलेली त्याच्या आजीची पत्रं माझ्या कपाटात आहेत. ती त्याला वाचता येत नाहीत.

आता दिवस पालटलेत. फाटक सजवतात, मोठ्या वर्गातली मुलं पहिलीतल्यांचं स्वागत करतात, आईबापांना आत येऊ देतात. तरी आईच्या पोटात तेव्हासारखाच गोळा येतो. नातीला म्हटलं, "तू तुझ्या भाषेत बोल, मी माझ्या बोलते. पोराला दोन्ही पुरतील."

पणतवालाही शिकवून ठेवलंय. शाळेत मोरा 'शेव' म्हणाली की बसायचं. घरी मी 'शेव' म्हटलं की हात पुढे करायचा.