अर्ध्या पाळीचा हिशेब

सुरतेत मंदी आली की कारखान्याला लगेच टाळं लागत नाही. आधी पाळ्या कमी होतात. पर्वत पाटियाच्या कॅनॉल रोडला, गोडादऱ्यात, लिंबायतला किंवा डिंडोलीत कुठल्याही खान्देशी घरात विचारून पाहा, "काम गेलं" असं सहसा कुणी सांगणार नाही. "चालू आहे, पण आठवड्याला तीन दिवस", "रातपाळी बंद केली", "शेठ म्हणाला, फोन करतो" अशी उत्तरं येतात. आणि गोची इथेच आहे. सरकारदरबारी माणूस एक तर कामावर असतो, नाहीतर बेकार असतो. अर्ध्या कामावरच्या माणसाला कुठल्या रांगेत उभं करायचं हे अजून ठरलेलं नाही.

धुळे, नंदुरबार, जळगावची माणसं पिढ्यान् पिढ्या सुरत-भुसावळ लाइनने इथे येत राहिली. कुणी लूमच्या खात्यात मीटरवर, कुणी एम्ब्रॉयडरीच्या मशिनवर, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी रिंगरोडच्या मार्केटात साड्यांच्या घड्या आणि पार्सलवर. घरातल्या बायका मार्केटातून आलेल्या साड्यांचे धागे कापतात, स्टोन चिकटवतात, लेस लावतात, मजुरी नगावर. सगळा कारभार मीटर, नग आणि हजेरीचा. त्यामुळे माल तुंबला तरी शेठला कुणाला काढून टाकायची गरज पडत नाही. बारा तासांच्या दोन पाळ्यांची एक केली, बुधवारी खातं बंद ठेवलं, नगांचं पोतं निम्मं पाठवलं की काम भागतं. ना नोटीस, ना हिशेब, ना भांडण. पगाराचं पाकीट तेवढं हलकं होतं.

हिऱ्यातही तीच तऱ्हा. ऑगस्ट २०२४ मध्ये किरण जेम्स या बड्या कंपनीने आपल्या ५० हजार कामगारांना १७ ते २७ तारखेपर्यंत सुट्टी दिली आणि थोडी कपात करून पगार देऊ असं सांगितलं. निदान जाहीर तरी केलं. छोट्या कारखान्यांत दिवाळीची सुट्टी नुसती लांबत जाते. पुढे मे २०२५ मध्ये गुजरात सरकारने रत्नकलाकारांसाठी, म्हणजे हिरे कामगारांसाठी, मदतीची योजना आणली. त्यात मुलांची वर्षभराची शाळेची फी होती, १३,५०० रुपयांपर्यंत. पण ती ३१ मार्च २०२४ नंतर मंदीमुळे ज्यांचं काम सुटलं त्यांच्यासाठी. ज्याच्या पॉलिशच्या घंटीवर दिवसाला निम्मेच हिरे येतात, त्याचं काम सुटलेलं नसतं. फी मात्र त्यालाही पूर्णच भरावी लागते.

गंमत अशी की कायद्याला अर्धा दिवस माहीत आहे, आणि तोही फार जुन्या काळापासून. औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफची व्याख्या होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती कायम आहे. हजेरीपटावर नाव असलेला कामगार ठरल्या वेळी हजर झाला आणि दोन तासांत त्याला काम दिलं नाही, तर तो त्या दिवसापुरता ले-ऑफवर धरला जातो. "दुपारनंतर या" असं सांगून दुपारी काम दिलं, तर अर्ध्या दिवसाचा ले-ऑफ. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला अशा दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून निम्मी भरपाई मिळायला हवी. समजा हे दोन्ही मिळून महिन्याला १२,००० रुपये आहेत आणि महिना २६ दिवसांचा. रोज पडला ४६१ रुपये, म्हणजे बंद दिवसाचे साधारण २३० रुपये.

आता "शेठ फोन करतो म्हणाला" याकडे पुन्हा बघा. ले-ऑफची भरपाई मागायची तर कामगाराने ठरल्या वेळी कामावर हजर व्हावं लागतं, ले-ऑफच्या काळातही दिवसातून एकदा तरी. फोनची वाट बघत घरी बसलेला कामगार कागदावर गैरहजर ठरतो. त्या एका वाक्याने शेठ काम नाकारत नाही आणि हजेरीही घेत नाही. त्याला कायदा पाठ असतो असं मी म्हणत नाही, पण परिणाम तोच होतो. म्हणून "उद्या येऊ का?" असा मेसेज पाठवावा आणि "नको" हे उत्तर मोबाइलमध्ये जपून ठेवावं, किंवा सरळ जाऊन फाटकावर नाव नोंदवायला सांगावं. श्रम कार्यालयात तक्रार गेलीच तर असली चिटोरीच उपयोगी पडते.

या भरपाईची मोठी मेख म्हणजे ५० चा आकडा. ५० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला ले-ऑफची ही कलमं लागू नाहीत. आणि सुरतेत एकाच छपराखाली दोन-तीन फर्मच्या पाट्या, प्रत्येकीचा हजेरीपट वेगळा, हा प्रकार नवा नाही. बदली आणि रोजंदारीवाले त्यातून आधीच वगळलेले. पर्वत पाटियातल्या किती घरांना ही निम्मी भरपाई प्रत्यक्षात मिळत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

त्यापेक्षा जवळचं एक कलम आहे, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. किमान वेतनाचा दर दिवसावर ठरलेला असेल आणि मालकाने पूर्ण वेळ काम दिलं नाही म्हणून कामगार कमी तास राबला, तर त्याला त्या पूर्ण दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे. मुख्य अट ही, की कमी काम कामगाराच्या स्वतःच्या नाखुशीमुळे झालेलं नसावं. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात हे होतं, आता वेतन संहितेत आहे, आणि त्याला ५० कामगारांची अट नाही. याचा अर्थ चार तास लूम चालवून "जा घरी" म्हणणं शेठला पूर्ण दिवसाएवढंच महागात पडायला हवं. कदाचित म्हणूनच तास कापण्यापेक्षा अख्खा दिवस कापणं त्याला सोयीचं जात असावं.

तास कापणं आणि दिवस कापणं यातला फरक ईएसआयमध्ये फार महागात पडतो. ईएसआय म्हणजे राज्य कामगार विमा. दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना तो लागू होतो. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. आजारपणात रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते.

७८ हा आकडा तीन दिवसांच्या आठवड्यापुढे मांडून बघा. सहा महिन्यांत आठवडे २६. तीन दिवस गुणिले २६ म्हणजे बरोब्बर ७८. एकही खाडा न करता, तापाने न फणफणता, प्रत्येक आठवड्याला तीनही दिवस गेलात तर उंबरठा कसाबसा गाठता येतो. पण एप्रिल-मेमध्ये आखाजीचा सण येतो, लग्नसराई येते, भुसावळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. गावी चार दिवस गेले की आकडा ७४-७५ वर येतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा आजारपणाचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळत असतो. उन्हाळ्यात बुडालेल्या चार दिवसांचा फटका पुढच्या वर्षी, अंगावर प्लास्टर असताना बसतो. तोवर त्याचा संबंध आखाजीशी कोण जोडणार?

याउलट रोज जाऊन निम्मे तास काम केलं, तर दिवस भरत राहतात. सरासरी रोज घटतो आणि लाभाची रक्कम कमी होते, पण हक्क शाबूत राहतो. शेठ ऐकून घेणारा असेल तर "तीन दिवस पूर्ण नको, सहा दिवस अर्धे द्या" असं मागायला हरकत नाही. ले-ऑफची भरपाई मिळत असेल तर तीही ईएसआयच्या हिशेबात पगारच धरली जाते आणि तिच्यावर वर्गणी भरावी लागते.

खरा घाव यानंतरचा आहे. ईएसआयकडे बेकारीसाठीही एक योजना आहे, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती १ जुलै २०१८ ला सुरू झाली तेव्हा रोजच्या सरासरी पगाराच्या २५ टक्के मदत होती, कोरोनाच्या वर्षी ती ५० टक्के झाली. जास्तीत जास्त ९० दिवस, आणि अख्ख्या आयुष्यात एकदाच. कोरोनाच्या वर्षी सैल केलेली अट अशी की विमा किमान दोन वर्षांचा हवा, नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या वर्गणीकाळात ७८ दिवस भरलेले हवेत, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन काळांपैकी एकात तरी तेवढेच. आता सुरतेतली नोकरी कशी जाते ते आठवा. आधी रातपाळी जाते, मग तीन दिवसांचा आठवडा येतो, मग दोन दिवसांचा आणि मग टाळं. ज्या सहा महिन्यांत ७८ दिवस भरलेले हवेत, नेमक्या त्याच सहा महिन्यांत ते भरत नाहीत. एका रात्रीत काढून टाकलेला कामगार योजनेत बसतो, वर्षभर झिजत झिजत बाहेर पडलेला बसत नाही. शेवटपर्यंत शेठला धरून राहिला, ही त्याची चूक.

बाहेरच्या जगात या झिजण्यालाच हक्क मानलेलं आहे. जर्मनीत कंपनीने तास कमी केले की बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के रक्कम सरकारी बेकारी विम्यातून मिळते, मूल असेल तर ६७ टक्के. एप्रिल २०२० मध्ये जवळपास ६० लाख लोक या योजनेवर होते. त्यातल्या कुणाचीच नोकरी गेलेली नव्हती. ब्रिटनमध्ये पगार घटला की युनिव्हर्सल क्रेडिटची रक्कम आपोआप वाढते, कारण तिथे मिळकतीच्या दर पौंडामागे मदत ५५ पेन्सने कमी होत असते. दोन्ही देशांत मालकाला पगार नियमितपणे सरकारकडे कळवावा लागतो. आपल्याकडे रोकड पाकिटात आणि हजेरी मुकादमाच्या वहीत. त्यामुळे ही पद्धत उचलून आणायची म्हटलं तरी आधी ती वही उघडावी लागेल.

पीएफमधून अडीनडीला पैसे काढता येतात, आणि बरेच जण तेच करतात. पण तो आपलाच पैसा. त्याला मदत म्हणणं म्हणजे स्वतःच्याच खिशातून उसनवारी. ई-श्रमचं कार्ड २०२१ पासून घराघरात पोचलं आहे. त्यावरचा बारा आकडी क्रमांक ही फक्त नोंद आहे, काम कमी झाल्याचा भत्ता त्यातून येत नाही. कार्ड काढून देताना शंभर-दोनशे रुपये घेणारे हे सांगत नाहीत.

धागे कापणाऱ्या बायकांचं काय? हजेरीपट नाही, ठरलेले तास नाहीत, म्हणून तास कापले गेले असं म्हणायचीही सोय नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत घरबसल्या काम करणाऱ्यांची व्याख्या आहे, पण बुडालेल्या नगांच्या भरपाईची तरतूद नाही. पोतं आणून देणारा माणूस बहुतेक गल्लीतलाच असतो, आणि त्याच्यावरचा शेठ कोण हे त्या बाईला ठाऊक नसतं. साडीमागचा दर आणि आलेले नग तारखेनिशी वहीत लिहून त्यावर त्या माणसाची सही घेत गेलं, तर निदान देणं-घेणं तरी सिद्ध करता येईल. सही मागितली म्हणून पुढचं पोतं शेजारणीकडे जाण्याची भीती खरी आहे, आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही.

या सगळ्यात बिनअटीची म्हणावी अशी एकच गोष्ट हाती लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये रेशन कार्ड दुसऱ्या राज्यात चालवायची सुरुवात झाली, ती ज्या दोन जोड्यांपासून, त्यातली एक होती महाराष्ट्र-गुजरात. त्यामुळे शहाद्याच्या किंवा अमळनेरच्या कार्डावरचं माणशी पाच किलो मोफत धान्य पर्वत पाटियाच्या रेशन दुकानात अंगठा लावून घेता येतं. गावाकडे राहिलेल्या आईवडिलांचा वाटा ते तिकडे उचलू शकतात, इकडचा वाटा इकडे. पाळी पूर्ण आहे की अर्धी, हे तिथे कुणी विचारत नाही. दुकानदार "हे कार्ड इथे चालत नाही" म्हणाला, तर १४४४५ वर फोन करायचा.