स्वतःच्या लेखनाची तपासणी

विद्यार्थ्याच्या वहीतील चूक शिक्षकास तत्काळ दिसते. स्वतःच्या लेखनातील चूक मात्र डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. यात आळसाचा दोष थोडाच. काय लिहावयाचे योजिले होते हे मनास ठाऊक असते आणि डोळे अक्षरांऐवजी ते योजिलेलेच वाचीत जातात. म्हणून लेखन संपताच केलेले वाचन बहुधा व्यर्थ ठरते. मजकूर काही काळ दूर ठेवून, शक्य तर दुसऱ्या दिवशी, तो परक्याचा आहे असे समजून वाचावा.

मोठ्याने वाचल्यास गळलेला शब्द किंवा कर्त्याशी न जुळणारे क्रियापद कानास खटकते. परंतु मराठीत कानावर सर्वस्वी विसंबता येत नाही. 'जमीन' लिहिले काय आणि 'जमिन' लिहिले काय, वाचताना उच्चार एकच. शिवाय आपल्याकडील बोलीत 'ण'चा 'न' होतो. ज्याच्या कानास 'पानी' सवयीचे, त्यास ते कागदावरही खटकेलच असे नाही. यास्तव दुसरे वाचन मुक्याने, शेवटच्या शब्दापासून मागे येत, केवळ शुद्धलेखनाकरिता करावे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले. १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. सारे पाठ नसले तरी निदान दोन ध्यानात असावेत. 'आणि', 'परंतु', 'तथापि' यांसारखे अपवाद वगळता शब्दाच्या अंती येणारा इकार वा उकार दीर्घ असतो. आणि 'जमीन', 'फूल' यांची 'जमिनीत', 'फुलास' अशी रूपे होताना मधला दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. फळ्यावरील चूक वर्गातील प्रत्येक वहीत उतरते, हे निराळे सांगावयास नको.

दाखल-खारीज रजिस्टराची गोष्ट याहून गंभीर. तेथील नाव व जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जाते, आणि पुढे मोठेपणी ती दुरुस्त करून घेण्यासाठी त्या मुलास कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. घाईत लिहिलेले १ व ९ एकमेकांसारखे दिसतात. म्हणून आधी अक्षरी तारीख वाचावी, नंतर अंक, आणि दोन्ही मूळ कागदाशी बोट ठेवून ताडून पाहाव्यात. सहशिक्षक असल्यास एकाने मूळ कागद वाचावा, दुसऱ्याने नोंद पाहावी. एकशिक्षकी शाळेत ती नोंद पालकासच सावकाश वाचून दाखवावी. तो निरक्षर असला तरी आपल्या मुलाचे नाव चुकले तर त्यास ऐकताच कळते.