डोळ्यात चुना गेला तर

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी एक आजी चार वर्षांच्या नातवाला खांद्यावर टाकून सिन्नरच्या आमच्या दवाखान्यात आल्या. पोर ओरडून ओरडून थकले होते. आजींच्या चंचीतली चुन्याची नळी त्याने हातात घेऊन दाबली, ती फुटली आणि चुना थेट उजव्या डोळ्यात उडाला. घरात होते ते तूप डोळ्यात घालून, एस.टी.ची वाट पाहून, त्या दोन तासांनी पोहोचल्या होत्या.

"आजी, पाण्याने का नाही धुतला?" मी विचारले.

"डाक्टरसाहेब, चुन्यावर पाणी पडलं का उकळतो ना तो!"

आजींचे म्हणणे अगदीच खोटे नाही. कळीच्या चुन्यावर पाणी घातले की तो खदखदतो, हे आपण घर रंगवताना पाहिलेले असते. पण डबीतला किंवा नळीतला चुना आधीच पाणी पिऊन विरलेला असतो. त्याची उकळण्याची हौस फिटलेली असते! उरते ती त्याची दाहकता, आणि ती मात्र शाबूत असते.

शाळेत आपण आम्ल आणि आम्लारी शिकलो. लिंबू, चिंच, बॅटरीतले गंधकाम्ल ही आम्ले. चुना, धुण्याचा सोडा, कॉस्टिक सोडा हे आम्लारी. हळदीला चुना लागला की ती कुंकवासारखी लाल होते आणि वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी, हा प्रयोग घरोघरी करता येतो. या गुणाचे माप म्हणजे सामू. शुद्ध पाण्याचा सामू 7. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. आपल्या अश्रूंचा सामू साडेसातच्या आसपास, चुन्याचा 12 च्या पुढे. ही मोजपट्टी साधी नाही. दर पायरीला दसपट फरक पडतो. म्हणजे 7 पासून 12 पर्यंत तो लाखपट होतो.

अॅसिड म्हटले की आपण दचकतो, ते योग्यच आहे. पण अॅसिडने भाजलेल्या जागी प्रथिने गोठतात आणि त्या थरामुळे बऱ्याचदा अॅसिड पुढे जायला थोडा अटकाव होतो. चुन्यासारखा आम्लारी पेशींतल्या स्निग्ध पदार्थांचा साबण करून टाकतो आणि आत शिरत राहतो. शिवाय चुन्याचे कण पापणीखाली चिकटून बसतात. डोळा धुतला असे वाटते आणि आत जाळणे चालूच असते.

मग लिंबू पिळावे का? हळद पिवळी झाली ना! मुळीच नाही. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की उष्णता निघते, आणि कोवळ्या डोळ्यात दुसरे आम्ल घालून आगीत भर कशाला? तूप, दूध, मध यांतलेही काही घालू नये, चोळूही नये. सुका कळीचा चुना असेल तर तो आधी कापडाने टिपून, झटकून घ्यावा आणि लगेच नळाखाली किंवा तांब्याने स्वच्छ पाणी सोडावे. पापण्या उघड्या धरून, निदान अर्धा तास. दुसऱ्या डोळ्यात ओघळ जाऊ नये म्हणून चुना गेलेला डोळा खालच्या बाजूला ठेवावा. मूल आकांत करील, त्याला दोघांनी धरावे. त्यानंतर नेत्रतज्ज्ञाकडे, आणि वाटेतही बाटलीने पाणी चालू ठेवावे.

त्या दिवशी मी सलाइनच्या बाटल्यांनी डोळा धुतला, पापणी उलटून कण काढले आणि मुलाला नाशिकला पाठवले. पण बुबुळ पांढरे पडले होते. आज त्याला त्या डोळ्याने समोर धरलेली बोटे तेवढी मोजता येतात. आजी परवा रक्तदाब दाखवायला आल्या होत्या. तंबाखू सुटलेली नाही. चुना मात्र त्यांनी आता झाकणाच्या डबीत, फळीवर ठेवला आहे.