उत्तरासकट निघालेला निरोप

एकाच संगणकावर दोन प्रोग्राम चालू आहेत. एकाने दुसऱ्याला निरोप कसा द्यायचा? १९६९ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये पेर ब्रिंच हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरसी ४००० या यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये याचं फार सुरेख उत्तर दिलं. सिस्टीमचा गाभा त्यांनी लहान ठेवला आणि निरोपांसाठी चार आज्ञा दिल्या: निरोप पाठव, निरोपाची वाट पाहा, उत्तर पाठव, उत्तराची वाट पाहा.

आम्ही फौजेतली माणसं. पलीकडून पोच आल्याशिवाय वायरलेसवरचा निरोप गेला असं धरत नाही. त्यामुळे मला यातली शेवटची जोडी जास्त भावते.

प्रोग्रामने निरोप पाठवला की गाभा मेमरीतला एक मोकळा कप्पा, म्हणजे बफर, घेतो. त्यात निरोप उतरवतो, पाठवणारा कोण हे स्वतःच नोंदवतो (म्हणजे तोतयेगिरी बंद!) आणि तो कप्पा घेणाऱ्याच्या रांगेत लावतो. पाठवणारा तोवर आपलं दुसरं काम करू शकतो. घेणाऱ्याचं उत्तर मात्र त्याच कप्प्यातून परत येतं. पोस्टाचं जुनं जोडकार्ड आठवतंय का? उत्तराचा कोरा भाग सोबतच जायचा. तसंच हे. उत्तर तयार आहे पण ठेवायला जागा नाही, अशी वेळच येत नाही.

आणि घेणारा प्रोग्रामच नाहीसा झाला असेल तर? मग गाभा स्वतः एक पोकळ उत्तर धाडतो. पाठवणारा कायमचा ताटकळत राहत नाही. कप्पे मोजकेच असल्यामुळे एका प्रोग्रामने एका वेळी किती निरोप सोडायचे यावरही मर्यादा होती. नाहीतर एकच बडबड्या सगळे कप्पे अडवून बसला असता. बाहेरच्या उपकरणांशी बोलायचं तेही याच आज्ञांनी.

१९७३ मध्ये युनिक्समध्ये पाइप आला. एका प्रोग्रामचं आउटपुट सरळ दुसऱ्याच्या हाती. वापरायला इतका सोपा की जग त्याच्याच मागे गेलं. पण ती एकाच दिशेने वाहणारी नळी. कोणी पाठवलं याची नोंद नाही, एक निरोप कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला याचीही खूण नाही. उत्तर हवं तर दुसरी नळी टाका. आणि दोन्ही तुडुंब भरल्या, वाचायला कोणीच मोकळं नसलं, तर दोघेही प्रोग्राम एकमेकांची वाट पाहत जागच्या जागी अडकतात.