दर्या, दऱ्या आणि हार्फबझ

अँड्रॉइड फोनवर, फायरफॉक्समध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये आपण मराठी वाचतो, तेव्हा अक्षरांची जुळणी हार्फबझ नावाची लायब्ररी करत असते. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरावा असा लिहून ठेवलेला कोड. हिचा कोड सर्वांसाठी खुला आहे. आजचं तिचं रूप मुख्यतः बहदाद एस्फहबोद यांनी घडवलं आणि १.० ही आवृत्ती २०१५ साली आली. मी मराठी मजकुरासाठी सॉफ्टवेअर लिहिते, आणि कामाच्या लिनक्स संगणकावर ही लायब्ररी मूळ कोडपासून स्वतः कंपाइल करते, म्हणजे त्या कोडचं संगणकाला चालवता येईल असं रूप बनवते.

तयार मिळत असताना हा खटाटोप कशाला? 'दर्या' आणि 'दऱ्या' घ्या. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. संगणकात दोन्ही शब्दांची पाच-पाच चिन्हं असतात आणि फरक फक्त दुसऱ्या चिन्हाचा, साधा र की नुक्त्याचा ऱ. पण चितारताना पहिल्या शब्दातला र पार मागे जातो आणि काना झाल्यावर रफार होऊन डोक्यावर बसतो. दुसऱ्यातला ऱ जागा न सोडता य ला आडवा चिकटतो. ही हलवाहलव हार्फबझ करते, आकार फॉन्ट पुरवतो. जोडाक्षर फुटलं, तर दोष दोघांपैकी कोणाचा हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी लायब्ररी आतून चालताना बघावी लागते.

कोड उतरवून घेतला की आधी मेसन हे बिल्डची, म्हणजे बांधणीची, तयारी करणारं साधन चालवायचं. सी++ चा कंपाइलर आहे का, फ्रीटाइप, जीलिब, कैरो या दुसऱ्या लायब्रऱ्या सापडतात का, हे ते तपासतं. नवख्यांची गाडी इथेच अडते. फ्रीटाइप संगणकावर असतं, तरी सापडत नाही. कारण उबुंटूसारख्या लिनक्सवर चालवायची लायब्ररी आणि तिच्यावर कोड बांधायला लागणाऱ्या हेडर फाइली वेगवेगळ्या पॅकेजांत येतात. दुसऱ्याच्या नावाअखेर 'डेव्ह' असतं. तेही बसवावं लागतं. जीलिब नसेल तर मेसन तक्रार न करता पुढे जातं, लायब्ररी बनते, पण शब्द तपासायचं एचबी-शेप हे साधन बनतच नाही. म्हणून मेसनने शेवटी दिलेली यादी वाचाच.

मग निंजा हे बांधणीचं साधन एकेक फाइल कंपाइलरकडे देतं आणि तयार तुकडे जोडून लायब्ररी बनवतं. बिल्डचा प्रकार मी डिबग ठेवते, म्हणजे कोडची कुठली ओळ चालू आहे ते डिबगरमध्ये दिसतं. आणि बनलेली लायब्ररी माझ्या होम फोल्डरमध्येच ठेवते. संगणकाच्या मूळ लायब्ररीवर ती कधीही चढवू नये. बाकीचे प्रोग्राम त्या मूळ आवृत्तीवर उभे असतात.

आता एचबी-शेपला फॉन्ट आणि 'दर्या' द्या. आकारांची नावं क्रमाने येतात आणि रफार काना झाल्यावर आलेला दिसतो. भाषा मराठी आहे हेही सांगा. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असतील, तर तेच निवडले जातात. नाहीच निवडले, तर इंडिक लिप्यांच्या फाइलमध्ये डिबगरने प्रोग्राम थांबवून बघता येतं.

या कोडसोबत चाचण्याही येतात. प्रत्येकीत एक फॉन्ट, एक मजकूर आणि अपेक्षित उत्तर. आपल्या फॉन्टकारांनी आणि प्रोग्रामरांनी मोडणारा मराठी शब्द सापडला, की दुरुस्तीसोबत त्याची चाचणीही पाठवावी. ती स्वीकारली गेली, की पुढच्या प्रत्येक बदलानंतर तो शब्द तपासला जातो.