उच्चार एक, अर्थ वेगळा

एखादा शब्द ओळखीचा वाटला की त्याचा अर्थही आपल्याला कळला, असे आपण धरून चालतो. पण ज्या घरात उर्दू, मराठी आणि अरबी शब्द रोज एकत्र वावरतात, तिथे हा भरवसा कधी कधी फसवा ठरतो.

नवी मुंबईत अशी घरे पुष्कळ आहेत. पनवेल, तळोजा, उरण या भागांत कोकणी मुस्लिमांची वस्ती जुनी. 1970 साली सिडकोची स्थापना झाली, शहर वाढत गेले आणि मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र, उत्तर प्रदेश अशा ठिकाणांहून कुटुंबे येऊन राहिली. एकाच मशिदीत शेजारी उभे राहणाऱ्या दोघांची घरची भाषा निराळी असते. मुले मराठी किंवा इंग्रजी शाळेत, आजी-आजोबा उर्दूत, आणि दुआंचे पुस्तक देवनागरीत. गैरसमजाला एवढे पुरेसे आहे.

साधा शब्द घ्या, 'दादा'. उर्दू बोलणाऱ्या घरात दादा म्हणजे वडिलांचे वडील. मराठीत दादा म्हणजे थोरला भाऊ. "दादा खूप आजारी आहेत, म्हणून शाळेत आलो नाही," असे मुलाने सांगितले तर बाई भावाची चौकशी करतील. मदरशात शिकणारा मुलगा म्हणतो, "इशानंतर आमची तकरार असते." मराठी कानाला वाटते, हा कुणाविरुद्ध तक्रार करतोय की काय? अरबीत 'तकरार' म्हणजे पुन्हा पुन्हा करणे. मदरशात मुले एकत्र बसून धडा घोकतात, त्याला तकरार म्हणतात. तोच शब्द रोजच्या उर्दूत भांडण झाला आणि मराठीत येऊन गाऱ्हाणे झाला.

असे प्रवासी शब्द मराठीत भरपूर आहेत. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत पैलवानाचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव. मराठीत प्रयत्नांची शिकस्त करणारा माणूस शेवटपर्यंत झुंजणारा असतो. 'राज़ीनामा' म्हणजे दोन्ही पक्ष राजी झाल्याचा लेख, समझोता. मराठीत राजीनामा दिला की नोकरी संपली. निकाहात वधूच्या वतीने बोलणारा 'वकील' आणि कोर्टातला वकील यांचा शब्द मात्र एकच, कारण मूळ अर्थ दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा असाच आहे. माधव जूलियन या नावाने कविता लिहिणारे माधवराव पटवर्धन यांनी 1925 साली 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध केला. आपण रोज बोलतो ते किती शब्द कुठून आले, हे तो चाळला की कळते.

इथपर्यंत गोष्ट गमतीची आहे. एक-दोन वाक्यांत खुलासा होतो आणि सगळे हसतात. पण दुसरा प्रकार अधिक काळजीचा आहे. इथे शब्द मुळातच दोन असतात; आपली लिपी त्यांना एकसारखे दाखवते.

अरबीत 'स'च्या जवळचे तीन वर्ण आहेत: सीन, साद आणि से. 'ह'साठी दोन, 'ज़'च्या जवळचे चार. शिवाय ऐन आणि अलिफ, काफ आणि क़ाफ. देवनागरीत यांतले बरेच भेद पुसले जातात. अक्षराखाली नुक्ता देऊन काही भेद दाखवता येतात. पण मराठी छपाईत नुक्ता सहसा नसतो. त्यामुळे 'क़मर' म्हणजे चंद्र आणि 'कमर' म्हणजे कंबर, हे दोन्ही 'कमर' होतात. 'जलील' म्हणजे थोर, प्रतापी. 'ज़लील' म्हणजे अपमानित. नुक्ता गेला की दोघांचा चेहरा एकच.

मुलांची नावे ठेवताना हे फार जपावे लागते. 'आसिम' हे नाव ऐन आणि सादने लिहिले तर अर्थ होतो रक्षण करणारा. अलिफ आणि सेने लिहिले तर तोच उच्चार पापी माणसासाठी होतो. 'आसिया' तर दोन आहेत. फिरऔनच्या ईमानवंत पत्नीचे नाव हजरत आसिया, अलिफ आणि सीनने. ऐन आणि सादने लिहिलेल्या 'आसिया'चा अर्थ आहे अवज्ञा करणारी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या दुसऱ्या नावाच्या एका स्त्रीचे नाव बदलून 'जमीला' ठेवले, असे हदीसमध्ये आहे. म्हणून ओळखीत कुणी आसिया असेल तर लगेच घाबरवू नका. आई-वडिलांनी कोणते नाव मनात धरले होते, ते आधी विचारा. बहुतेक वेळा उत्तर हजरत आसिया हेच मिळेल.

हाच प्रश्न नमाज आणि दुआंचा. देवनागरीतून पाठ करणाऱ्याला 'कल्ब' एवढेच दिसते. क़ाफने 'क़ल्ब' म्हणजे हृदय. काफने 'कल्ब' म्हणजे कुत्रा. 'क़ुल' म्हणजे सांग, 'कुल' म्हणजे खा. 'अलीम' ऐनने म्हटले तर सर्व जाणणारा, हा अल्लाहचा गुण; अलिफने म्हटले तर यातना देणारा, हे अज़ाबचे विशेषण. या शेवटच्या जोडीत नुक्ताही मदतीला येत नाही. तिथे कानच लागतो.

मग देवनागरीतली पुस्तके टाकून द्यायची का? मुळीच नाही. त्यांच्यामुळेच कितीतरी माता-भगिनींना आणि मुलांना दुआ वाचता आल्या. पण पुस्तक ही आठवण ठेवण्याची सोय आहे, शिकवणारा नव्हे. जी सूरह नमाजमध्ये रोज म्हणायची, ती एकदा चांगल्या कारीसमोर म्हणून दाखवावी. वय झाले म्हणून लाजू नये. अडखळत, कष्टाने कुरआन वाचणाऱ्याला दुहेरी मोबदला आहे, अशी खुशखबर हदीसमध्ये दिलेली आहे.

घरात करता येण्याजोग्या आणखी दोन गोष्टी आहेत. बाळाचे नाव नोंदवण्यापूर्वी ते अरबी लिपीत एखाद्या जाणकाराकडून लिहून घ्यावे आणि तो कागद जन्मदाखल्यासोबत जपून ठेवावा. इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नये. तिथेही दोन्ही आसिम सारखेच दिसतात. आणि दुसऱ्याच्या तोंडचा शब्द खटकला, तर रागावण्याआधी विचारावे, "तुमच्याकडे याचा अर्थ काय?" सूनबाई एका जिल्ह्यातली आणि सासूबाई दुसऱ्या राज्यातली असेल, त्या घरात तर हा प्रश्न रोज उपयोगी पडेल.