शाळा, धर्म आणि नीती

शाळेत धर्म शिकवावा काय, हा प्रश्न निघाला की दोन उत्तरे तत्काळ ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, धर्मावाचून नीती टिकणार नाही. दुसरा म्हणतो, नाना धर्मांच्या या देशात धर्म शाळेच्या उंबरठ्याबाहेरच राहू द्यावा. दोन्ही पक्षांनी आपल्या राज्यघटनेचे २८ वे कलम एकवार लक्षपूर्वक वाचावे.

सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य वा अनुदानित शाळेत ते दिले जात असेल, तर पालकांच्या संमतीवाचून मुलाला तेथे बसविता येत नाही. या नियमात धर्माविषयी अनादर नाही. चाळीस मुले एका उपासनेत रमली असता एकेचाळिसावे मूल उपरे ठरू नये, ही त्यामागील कळकळ आहे.

मग शाळेत धर्माचे नावच काढू नये काय? तसे नाही. १९६४ साली नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात एक मोलाचा भेद दाखविला. एखाद्या धर्माचे शिक्षण वेगळे आणि धर्मांविषयीचे शिक्षण वेगळे. पहिल्यात श्रद्धा रुजवायची असते, दुसऱ्यात समज वाढवायची असते. असा अभ्यास घटनेच्या विरुद्ध नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली दिला. बुद्धाची करुणा, ख्रिस्ताची क्षमा, इस्लाममधील जकातीचे कर्तव्य, तुकोबांची भूतदया यांची ओळख न होता मूल शाळेबाहेर पडले, तर शेजाऱ्याचा सण त्याला केवळ गलबलाच वाटेल.

तथापि ओळख म्हणजे आचरण नव्हे. सत्यावरील धडा मुखोद्गत असलेला विद्यार्थीही परीक्षेत नक्कल करतो. शिक्षक समतेवर कितीही बोलला, पण त्याने जात पाहून बाक नेमून दिले, तर मुले भाषण विसरतात आणि बाक लक्षात ठेवतात.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयही सांभाळीत. मुलांची लहानसहान कामे ते स्वतःच्या हातांनी करीत, असे सांगतात. पुढे १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. त्यांची भक्ती आणि त्यांची नीती यांत अंतर नव्हते.

वेळापत्रकात नीतिपाठाचा तास अवश्य असावा. परंतु त्या तासाला जे सांगितले, ते उरलेल्या तासांत शिक्षकाच्या वागण्यात दिसते की नाही, इकडे मुलांचे लक्ष असते. घरी आपल्याकडेही ती त्याच दृष्टीने पाहत असतात.